वर्डप्रेसची घटना कोण लिहिणार?

वर्डप्रेसला कोणी मालक नाही, असे गेली वीस वर्षे सांगण्यात येत होते. संकेतस्थळ उभे करण्याचे हे सॉफ्टवेअर. जगातील चाळीस टक्क्यांहून अधिक संकेतस्थळे आज त्यावर चालतात. २००३ साली मॅट मुलेनवेग व माइक लिटल यांनी बी-टू नावाच्या मुक्त सॉफ्टवेअरमधून ते घडविले. परवाना असा की, कोणीही ते फुकट वापरावे, उघडून पाहावे, बदलावे व दुसऱ्याला द्यावे. हजारो लोकांनी विनामोबदला राबून ते वाढविले. त्याचे मराठी रूपही स्वयंसेवकांच्याच श्रमाचे. पुणे, नाशिक, नागपूर येथे त्यांचे मेळावे भरलेले आहेत. परंतु सप्टेंबर २०२४ पासून जे घडले त्याने 'मालक नाही' या शब्दांचा पोकळपणा उघडा पाडला.

डब्ल्यूपी इंजिन ही वर्डप्रेसची संकेतस्थळे सांभाळून बक्कळ पैसा मिळविणारी अमेरिकन कंपनी. तिच्यामागे सिल्व्हर लेक या गुंतवणूक संस्थेचे भांडवल. ही कंपनी समाजाच्या श्रमावर पोसते आणि समाजाला काही देत नाही, असा आरोप मुलेनवेग यांनी केला. आरोपात तथ्य नव्हते असे नाही! फुकटच्या श्रमावर इमले बांधणारे भांडवल सर्वत्र असते आणि त्याला जाब विचारलाच पाहिजे. पण जाब विचारणारे कोण? ऑटोमॅटिक या प्रतिस्पर्धी कंपनीचे प्रमुख खुद्द मुलेनवेग. मागणी काय? बोधचिन्ह व नावाच्या वापरापोटी उत्पन्नाच्या आठ टक्के, पैशात किंवा श्रमात.

मागणी धुडकावल्यावर २५ सप्टेंबरला वर्डप्रेस डॉट ऑर्ग या केंद्रीय ठिकाणाहून त्या कंपनीला बंदी झाली. तेथूनच सर्वांना सुधारित आवृत्त्या आणि प्लगइन नावाची जोड-सॉफ्टवेअरे मिळतात. म्हणजे भांडण दोन श्रीमंतांचे आणि अडचणीत आले सामान्य ग्राहक. पुढे १२ ऑक्टोबरला त्याच कंपनीचे वीस लाखांहून अधिक संकेतस्थळांवर बसविलेले एक प्लगइन तेथे परस्पर ताब्यात घेऊन त्याचे नाव बदलण्यात आले. रात्री झोपताना एकाचे सॉफ्टवेअर, सकाळी उठून पाहावे तर दुसऱ्याचे. या ठिकाणी प्रवेश करताना 'माझा डब्ल्यूपी इंजिनशी संबंध नाही' अशी खूण करणे स्वयंसेवकांनाही सक्तीचे झाले. १० डिसेंबरला कॅलिफोर्नियातील न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन हे सारे मागे घ्यायला लावले. त्यानंतर त्या खुणेच्या जागी 'पिझ्झ्यावर अननस छान लागते' असे वाक्य आले. ज्याच्या हाती सत्ता असते त्याला विनोदही परवडतो.

या वादातून बाहेर आलेली मोठी गोष्ट वेगळीच आहे. २०१० साली वर्डप्रेसचे नाव एका फाउंडेशनकडे सोपविल्याचा गाजावाजा झाला होता. मात्र त्या नावाच्या व्यापारी वापराचा हक्क ऑटोमॅटिककडेच राहिला आणि ते केंद्रीय ठिकाण तर मुलेनवेग यांच्या व्यक्तिगत मालकीचे निघाले. सॉफ्टवेअर सर्वांचे, पण नळाची तोटी एकाच्या हातात!

डिसेंबर २०२४ मध्ये दोन जुन्या कार्यकर्त्यांनी कारभार सुधारण्याची मागणी जाहीरपणे मांडली. जानेवारीत पाच जणांची खाती बंद करण्यात आली. त्याच महिन्यात ऑटोमॅटिकने आपल्या लोकांचे आठवड्याचे साडेतीन हजारांहून अधिक तासांचे योगदान पंचेचाळीस तासांवर आणले. मे २०२५ मध्ये ते पुन्हा सुरू झाले आणि लांबलेली ६.९ ही आवृत्ती डिसेंबरमध्ये निघाली. काम थांबविणे आणि सुरू करणे, दोन्ही एकाच दरबारातून.

यावर ठरलेले उत्तर असे की, पटत नसेल तर प्रत घ्या आणि वेगळी चूल मांडा. परवाना तेवढे स्वातंत्र्य देतो, हे खरे. पण प्रत सॉफ्टवेअरची निघते. नावाची, विश्वासाची आणि लाखो संकेतस्थळांना जोडणाऱ्या त्या नळाची निघत नाही. म्हणून जून २०२५ मध्ये लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली जाहीर झालेला 'फेअर' हा उपक्रम अधिक शहाणपणाचा वाटतो. त्याने सॉफ्टवेअर फोडले नाही. वाटपाची केंद्रे अनेक करण्याचा मार्ग दाखविला.

वाटपाचे केंद्र बदलले तरी निर्णय कोणी घ्यायचे हा प्रश्न उरतोच. डेबियन या प्रकल्पाने १९९८ सालीच लेखी घटना स्वीकारली. तेथे प्रमुखाची निवड दरवर्षी मतदानाने होते. पायथन भाषेचे जनक गिडो व्हॅन रॉसम यांना 'आजन्म परोपकारी हुकूमशहा' असे कौतुकाने म्हटले जाई. त्यांनी २०१८ मध्ये पद सोडले आणि २०१९ पासून पाच जणांचे निवडलेले मंडळ कारभार पाहते. हुकूमशहा परोपकारी असेल तर काय बिघडले, असे विचारणारे वर्डप्रेसमध्ये आजही पुष्कळ आहेत. त्यांनी त्या पाच बंद खात्यांकडे पाहावे. खाते बंद करण्यापूर्वी म्हणणे ऐकून घेण्याची सोय कोठे आहे? फाउंडेशनच्या मंडळावर कोण बसणार, हे ठरविताना रात्र रात्र जागून मराठी शब्द शोधणाऱ्या त्या स्वयंसेवकाचे मत कोणत्या पेटीत पडते?