तळघराचे दार कोठे आहे?

जुलै २०१६ मध्ये राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने परभणीत एका तरुणाला अटक केली. पुढील काही आठवड्यांत अटकेतील तरुणांची संख्या ४ वर गेली. सीरियातील ‘इसिस’च्या हस्तकाशी त्यांचा इंटरनेटवरून संपर्क होता आणि त्याच्याच सांगण्यावरून घातपाताची तयारी चालली होती, असा आरोप होता. तपास नंतर राष्ट्रीय तपास संस्थेकडे गेला. चौघांपैकी एकाला, खटला लवकर संपण्याची चिन्हे नाहीत हे पाहून, मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये जामीन दिला. दोघांनी २०२२ मध्ये गुन्हा कबूल केला व त्यांना ७ वर्षांची शिक्षा झाली.

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असे अभिमानाने म्हणणाऱ्या या जिल्ह्याचे नाव त्या वर्षी असे देशभर गाजले. परभणी आणि सीरिया यांच्यामधील अंतर नाहीसे करण्यास ना पासपोर्ट लागला, ना जहाज. तेव्हापासून ‘डार्क वेब’ हा शब्द जिल्ह्यातील शाळा-महाविद्यालयांच्या व्याख्यानांतही ऐकू येतो, आणि बहुधा भुताच्या गोष्टीच्या सुरात. ती भीती चुकीच्या जागी बसली आहे.

महाजालाचे तीन थर सांगण्याची प्रथा आहे. शोधयंत्राला सापडतो तो वरचा. त्याखालचा थर परवलीच्या शब्दामागे असतो. बँकेतील खाती, टपाल, रुग्णालयांचे अहवाल, कचेऱ्यांची दप्तरे ही सर्व तेथे आहेत. हा थर वरच्याहून कितीतरी मोठा आहे आणि तो झाकलेला असणे हेच इष्ट. त्यालाच ‘गुन्हेगारांचे साम्राज्य’ ठरवून मोठमोठे आकडे फेकणारे लेखक वाचकांची दिशाभूल करतात. तिसरा थर मात्र वेगळ्या साधनांवाचून उघडत नाही. त्यांपैकी प्रमुख साधन ‘टॉर’. त्याचा उगम १९९० च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत झाला, ही गोष्ट पुष्कळांना चमत्कारिक वाटेल. निरोपाभोवती कांद्यासारखी पुटे चढवायची आणि वाटेतील प्रत्येक टप्प्याला फक्त मागचा व पुढचा टप्पा कळू द्यायचा, अशी ही युक्ती आहे. सरकारी बंदी चुकवून बातम्या पोहोचाव्यात म्हणून बीबीसीने २०१९ मध्ये याच मार्गावर आपली आवृत्ती उघडली. अमली पदार्थांचा ‘सिल्क रोड’ नावाचा बाजार २०११ ते २०१३ या काळात भरला तोही याच मार्गावर. भारतात असे साधन वापरणे हा स्वतःहून गुन्हा नाही, आणि नसावाही.

तेव्हा प्रश्न तळघराचा नसून त्यात माल कोठून उतरतो याचा आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये लंपास झाले. बनावट कार्डांच्या साह्याने २८ देशांतील यंत्रांमधून पैसे काढण्यात आले. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरविले. ऑक्टोबर २०१९ मध्ये सुमारे १३ लाख कार्डांची माहिती या चोरबाजारात विक्रीस आली, आणि त्यांतील बहुसंख्य कार्डे भारतीय होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये तर ८१.५ कोटी भारतीयांची आधार क्रमांकासह माहिती विक्रीस असल्याचा दावा तेथे झाला. या माणसांनी कोणती बेजबाबदारी केली होती? मागितलेला कागद मागेल त्याला दिला, एवढीच.

पालम किंवा सोनपेठ तालुक्यातील शेतकरी पीकविम्यासाठी सुविधा केंद्रात जातो तेव्हा आधार कार्ड, सातबारा, बँकेचे पासबुक आणि वर अंगठा असे सर्व काही तो टेबलावर ठेवतो. रांग मोठी असते, वीज जाण्यापूर्वी काम उरकायचे असते. त्या प्रती संगणकात किती दिवस राहतात, तो संगणक आणखी कोण वापरतो, हे विचारण्याची सोय नसते. विचारले तर ‘मग अर्ज भरू नका’ हे उत्तर ठरलेले. एक रुपयात पीकविमा ही योजना २०२३ च्या खरिपापासून राज्यात चालू होती आणि २०२५ मध्ये ती बंद करण्यात आली. मधल्या काळात दुसऱ्यांच्या, इतकेच नव्हे तर सरकारी जमिनींवरही बनावट अर्ज भरले गेल्याचे उघड झाले. त्याकरिता कोणालाही तिसऱ्या थरात उतरावे लागले नाही. नागरिकाने सावध राहावे हा उपदेश सरकार आणि बँका अहोरात्र करतात. स्वतःकडील दप्तर सांभाळण्याच्या बाबतीत त्यांचा स्वर एकाएकी खाली येतो. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम निघण्यास नोव्हेंबर २०२५ उजाडला, आणि त्यांतही मुख्य बंधनांना १८ महिन्यांची मुदत देण्यात आली.

आणखी एक झाकलेला थर आहे. त्याला कोणी डार्क वेब म्हणत नाही, कारण तो प्रत्येकाच्या खिशात आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे भिक्षेकरी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. मुले पळविणारी टोळी आल्याची अफवा व्हॉट्सॲपवरून गावोगाव फिरत होती. हे निरोप शोधयंत्राला सापडत नाहीत, वर्तमानपत्राला दिसत नाहीत, त्यांचा खुलासा करणारा तेथे कोणी नसतो. दिसते ते फक्त पाठविणाऱ्याचे ओळखीचे नाव. त्या महिन्यात व्हॉट्सॲपने एक निरोप एका वेळी पाच ठिकाणीच पाठविता येईल, अशी मर्यादा भारतात घातली. पाच गेलेले जीव परत आले नाहीत.

परभणीच्या प्रकरणाकडे पुन्हा पाहिले, तर हाच बंदपणा महत्त्वाचा दिसतो. मुलगा रात्री उशिरापर्यंत फोनवर असतो, जेवताना गप्प असतो, जुने मित्र टाळतो, एवढे घराला दिसते. त्यापलीकडचे दिसत नाही. पैसे गेले तर १९३० हा क्रमांक आहे आणि तो तातडीने फिरविला तर काही रक्कम गोठविता येते. मुलगा जाऊ लागला तर बापाने कोठे फोन करावा? राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने वाहवत चाललेल्या तरुणांना समुपदेशनाने मागे आणण्याचे प्रयत्न केले आहेत, आणि ते निश्चितच स्वागतार्ह आहेत. परंतु ज्या मोहल्ल्यात २०१६ च्या अटकांची आठवण ताजी आहे, तेथील बापाच्या लेखी ते पोलिसांचेच दार ठरते. ते ठोठावले तर मुलगा घरी परतेल की कोठडीत जाईल, याची हमी त्याला कोणी दिलेली नाही. ती मिळेपर्यंत तो गप्प बसेल, आणि फोनच्या पलीकडचा माणूस नेमका याच गप्प बसण्यावर विसंबून असतो.