सोन्याचा मुखवटा आणि काड्यांची चटई

१/ तुतनखामुनचा सुवर्णमुखवटा न पाहिलेला इतिहासप्रेमी विरळाच. १९२२ मध्ये त्याची कबर सापडली आणि प्राचीन इजिप्त म्हणजे सोने, हे समीकरण दृढ झाले. माझ्या मते, त्याच्या बालपणीच्या काळातील सामान्यांची एक दफनभूमी त्या कबरीहून अधिक मोलाची आहे.

२/ इ.स.पू. १४व्या शतकात अखेनातेन या फॅरोने नाईलच्या पूर्व तीरावर आतेन या सूर्यदेवतेसाठी नवी राजधानी वसवली. तेच आजचे अमार्ना. राजाच्या मृत्यूनंतर थोड्याच वर्षांत ती ओस पडली. त्यामुळे तिथली दफनभूमी जेमतेम एका पिढीची साक्ष देते.

३/ तिथल्या अधिकाऱ्यांच्या शैलसमाधींतील चित्रांत आतेनच्या मंदिरातील वेद्या नैवेद्याने लगडलेल्या दिसतात. त्याच डोंगरांच्या पायथ्याशी, दक्षिणेकडील दफनभूमीत २००६ ते २०१३ या काळात उत्खनन झाले. ४००हून अधिक व्यक्तींचे अवशेष मिळाले. बहुतेकांना शवपेटी लाभलेली नव्हती; कापडात आणि काड्यांच्या चटईत गुंडाळून, दोरीने बांधून त्यांना पुरले होते.

४/ हाडांनी वेगळीच कथा सांगितली. मुलांची वाढ खुंटलेली, अनेक प्रौढांचे मणके आणि सांधे ओझ्याने झिजलेले. कित्येक जण तिशी-पस्तिशीच्या आतच गेलेले.

५/ उत्तरेकडील दफनभूमी अधिक अस्वस्थ करते. २०१५ मध्ये तिथे सापडलेल्यांपैकी बहुसंख्य ७ ते २५ वर्षांचे होते. काही खड्ड्यांत दोन-तीन देह एकत्र, फारशी निगा न राखता पुरलेले. ही कुटुंबापासून तोडून कामाला जुंपलेली मुले असावीत, असा संशोधकांचा तर्क आहे. तो तर्कच आहे, हे विसरू नये. पण त्या कोवळ्या मणक्यांवरील श्रमांच्या खुणा मात्र प्रत्यक्ष आहेत.

६/ अखेनातेनला ‘एकेश्वरवादाचा द्रष्टा’ म्हणून गौरवणाऱ्यांनी हा पुरावा टाळू नये. भिंतीवर काय कोरायचे हे सत्ता ठरवते; हाडांवर काय उमटावे हे तिला ठरवता येत नाही. चित्रातील समृद्धी खोटीच होती असे नाही, परंतु ती कोणाच्या ताटात पोहोचली, हे चित्र सांगत नाही.

७/ म्हणून माझा आग्रह एवढाच: मुखवटा जरूर पाहावा, त्याच्या कारागिरीने थक्कही व्हावे. मात्र त्यानंतर त्या चटईकडेही पाहावे. राजधानी उभारण्यासाठी ज्यांचे खांदे झिजले, त्यांची नावे बहुतांशी हरवली आहेत. त्यांचा इतिहास लिहिण्यासाठी आपल्याजवळ हाडेच उरली आहेत.