ओळ कवीची की फोनची?

मोबाइलवर मराठी कविता वाचताना आपली रोज फसवणूक होते आणि कुणीच तक्रार करत नाही. कवीची ओळ आठ शब्दांची असते. स्क्रीनवर पाच मावतात. उरलेले तीन खाली येतात, थेट डाव्या कडेला, नव्या ओळीच्या थाटात. ओळ कवीने तोडली की फोनने, हे कळायला वाचकाकडे काही मार्गच नसतो.

इंग्रजीत निदान एक खूण होती. जुन्या रिवाजाप्रमाणे कवितेची प्रत्येक ओळ कॅपिटल अक्षराने सुरू व्हायची, वाक्य मध्यावर असलं तरी. आज अनेक इंग्रजी कवींनी हा रिवाज जुनाट म्हणून सोडलाय. पण त्याचा एक फायदा होता. जागा न पुरल्याने खाली आलेला शब्द सहसा लहान अक्षरात असायचा, म्हणून ओळखू यायचा. देवनागरीत अक्षरांची अशी दोन रूपं नाहीतच. आपला 'क' ओळीच्या सुरुवातीला तोच, मध्येही तोच. म्हणजे मराठी कवितेची ओळ कुठे सुरू झाली हे फक्त तिच्या जागेवरून कळतं. आणि नेमकी तीच खूण फोन पुसून टाकतो.

यावर ठरलेलं उत्तर येतं: जुन्या पोथ्यांत तरी कुठे ओळी होत्या? खरंय. तिथे ओव्या सलग लिहिलेल्या असत, दंड देऊन वेगळ्या केलेल्या. पण तिथे कान काम करत होता. ओवीच्या पहिल्या तीन चरणांचं यमक जुळतं आणि चौथा आखूड चरण येऊन थांबतो. मोठ्या अभंगात अक्षरांची मोजणी 6, 6, 6, 4. सगळं सलग कोंबलं तरी म्हणणारा चुकत नाही. मुक्तछंदाने ही मोजणी सोडली. आता कुठे थांबायचं हे ओळच सांगते. ती मोडली की कवितेचा श्वासच चुकतो.

हे किरकोळ वाटतं? एमिली डिकिन्सन 1886 मध्ये गेली. 1890 मध्ये तिचा पहिला संग्रह काढताना संपादकांनी तिची मनमानी कॅपिटल अक्षरं आणि डॅश 'सुधारले', काही ठिकाणी शब्दही बदलले. थॉमस जॉन्सन यांनी हस्तलिखितांवरून तिची समग्र कविता छापली ती थेट 1955 मध्ये. मध्ये 65 वर्षं गेली. आपल्याकडे एवढी ढवळाढवळ करायला संपादकही लागत नाही, सहा इंचांची काच पुरते.

कवींनी पळवाट काढलीये: कविता फोटो करून टाकायची. ओळी जागेवर राहतात, पण मजकुराचं चित्र होतं. सोबत वेगळा मजकूर दिला नसेल, तर स्क्रीन रीडर वापरणारा अंध वाचक बाहेरच राहतो. शोधायला गेलं तर ती कविता सापडत नाही. अक्षर मोठं केलं तर ओळ काचेबाहेर जाते.

दुसरी पळवाट आणखी वाईट. ओळ फोनमध्ये मावावी म्हणून आखूडच लिहायची. मग एका ओळीत एक शब्द, खाली दुसरा, त्याखाली तिसरा. प्रत्येक शब्दानंतर थांबायचं असेल तर कुठल्याच थांबण्याला अर्थ उरत नाही. लांब श्वासाची मराठी कविता फोनच्या रुंदीपायी संपणार असेल, तर तो निर्णय कवीने घेतलेला नाही. तो कारखान्यात झाला.

आणि उपाय तर जुनाच आहे. वॉल्ट व्हिटमनच्या 'लीव्ह्ज ऑफ ग्रास'मधल्या लांब ओळी 1855 च्या पहिल्या आवृत्तीतही पानात मावत नव्हत्या. मुद्रकाने उरलेला भाग किंचित आत सरकवून छापला. बस्स. आत सरकलेलं दिसलं की समजायचं, ही मागचीच ओळ. वेबपानावर हे करायला सीएसएसच्या दोन-तीन सूचना पुरतात. चित्रं, फॉन्ट, रंग यांवर रात्री जागवणाऱ्या वेबझिनांना एवढं जमत नसेल, तर त्यांनी कविता मागवू नयेत. हे सगळ्यांना लागू आहे, आपल्या आवडत्यांनाही.

पुढच्या वेळी एखादी कविता विचित्र ठिकाणी तुटलेली दिसली, तर कवीला नावं ठेवण्याआधी फोन आडवा धरून बघा. ओळ सरळ झाली, तर संपादकाला लिहा.