रायफल हवी, पण प्रत्येक बागायतदाराच्या घरात नको

कोकणात भाताची लोंबी दुधावर आली की रानडुकरांचा कळप एका रात्रीत अख्खे खाचर लोळवून जातो. सुरण-कणगी उकरली जाते आणि माडाची कोवळी रोपे मुळासकट उपटली जातात. विदर्भात जंगलकाठच्या तूर-हरभऱ्यात रोही (नीलगायी) शिरतात. मग बंदुकीचा विषय निघतोच. पूर्वी तो ठासणीच्या बंदुकीवर किंवा फार तर बारा बोअरवर थांबत असे. आता काहीजण एक पाऊल पुढे जाऊन विचारतात, की आखूड नळीची, हलकी, बोल्ट ॲक्शन रायफल घेतली तर? परवान्यात बसत असेल आणि पैसे जमत असतील तर घ्यायला काय हरकत आहे? प्रश्न प्रामाणिक आहे, आणि ज्याच्या वर्षभराच्या कष्टाची रात्रीत माती होते त्याला तो विचारण्याचा पूर्ण हक्क आहे. माझे उत्तर मात्र नकारार्थी आहे. रानडुकरासाठी रायफल हे योग्य हत्यार आहे, पण एकेकट्या शेतकऱ्याने ते विकत घेणे हा तोट्याचा आणि धोक्याचा व्यवहार आहे.

आधी या हत्याराचे गुण मान्य करू. बोल्ट ॲक्शन म्हणजे हाताने बोल्ट मागेपुढे करून एकेक काडतूस नळीत चढवायचे. रचना साधी, बिघाड कमी आणि नेम पक्का. आपल्याकडे नागरिकाला मिळणारी सर्वांत परिचित रायफल .३१५ बोअरची. पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात ती जुन्या ली-एनफिल्डच्या धर्तीवर तयार होत आली आहे. .३०३ हा लष्करी बोअर नागरिकांना निषिद्ध, म्हणून इंग्रजांच्या काळापासून हा वेगळा बोअर रुजला. अशा रायफलीची नळी आखूड केली की करवंदीच्या जाळीतून, काजूच्या खालच्या फांद्यांतून वावरणे सोपे होते, हे खरे. पण त्याची किंमत मोजावी लागते. नळी आखूड झाली की गोळीचा वेग थोडा घटतो, आवाज आणि तोंडाशी उठणारा जाळ वाढतो. रात्रीच्या अंधारात तो जाळ नेम धरणाऱ्याचेच डोळे दिपवतो, म्हणजे पहिली गोळी चुकली तर दुसरी जवळजवळ आंधळी. वजन कमी झाले की खांद्याला बसणारा धक्का वाढतो आणि सराव नसलेला माणूस धक्क्याच्या भीतीने चाप ओढतानाच नेम हलवतो. आणि सराव करायचा कुठे? परवान्यावर काडतुसांची मर्यादा लिहिलेली असते आणि गोळीबाराचा सराव करण्याजोगे मैदान बहुतेक तालुक्यांत नाही. वर्षातून चार-सहा गोळ्या झाडणाऱ्याच्या हातात रायफलीचा अचूकपणा कागदावरच राहतो. कोणी म्हणेल, मग .२२ घ्या, हलकी आणि स्वस्त. ती गोळी डुकराला नुसती जखमी करून पळवते, म्हणून तो विचारही नको.

पण खरा मुद्दा नळीच्या लांबीचा नाही, गोळी जाते कुठे याचा आहे. बारा बोअरच्या मोठ्या छऱ्यांचा उपयोग तीस-चाळीस मीटरपर्यंत, आणि काही शे मीटरांत त्यांचा जोर संपतो. रायफलीची गोळी चुकली, किंवा डुकराच्या आरपार गेली, तर ती तीन किलोमीटरपलीकडेही जाऊ शकते. कोकणात शेत म्हणजे चार गुंठ्यांचा तुकडा, बांधापलीकडे दुसऱ्याचे खाचर, त्यापलीकडे वाडी, मधून पायवाट. पहाटे काजू वेचायला निघालेली बाई, रात्री खेकडे पकडायला व्हाळात उतरलेली पोरे, राखणीला माळ्यावर बसलेला शेजारी, सगळे त्याच रेषेत असू शकतात. रायफलीतून गोळी झाडायची तर सावजामागे भरभक्कम मातीचा उतार हवा, हा जगभरच्या शिकाऱ्यांचा पहिला नियम आहे. जर्मनीत उंच मचाणावरून खाली गोळी झाडतात त्यामागचे एक मोठे कारण हेच, की चुकलेली गोळी जमिनीत रुतावी. शिवाय तिथे परीक्षा उत्तीर्ण झाल्याशिवाय शिकारीचा परवानाच मिळत नाही. आपल्याकडे अंधारात बॅटरीच्या झोतात दोन डोळे चमकले की चाप ओढला जातो. त्याचे परिणाम आपण पाहिले आहेत. २०२५ च्या सुरुवातीला पालघर जिल्ह्यात मनोरजवळ बोरशेतीच्या जंगलात शिकारीला गेलेल्या गावकऱ्यांपैकी एकाने आपल्याच गावच्या माणसाला रानडुक्कर समजून गोळी घातली. एक माणूस गेला आणि अनेक घरे पोलीस-कोर्टात अडकली. हत्यार जितके जोरदार, तितकी ही चूक दूरवर पोहोचणारी.

कायद्याची बाजू तर बहुतेक खरेदीदार परवाना हाती आल्यावरच नीट पाहतात. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीकसंरक्षणासाठी जी खास तरतूद आहे ती ठासणीच्या बंदुकीची. ती पुरेशी नाही असे परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटले तर किमान वीस इंच नळीची, गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक देता येते. आतून पेचदार खाचा असलेली रायफल या तरतुदीत येतच नाही. ती मागायची तर वेगळे सबळ कारण दाखवावे लागते आणि मंजुरी सर्वस्वी अधिकाऱ्याच्या मर्जीवर राहते. कायदा करणाऱ्यांनी शेतकऱ्याला मुद्दाम दुबळे हत्यार दिले असे मला वाटत नाही. शेतातल्या बंदुकीचा पल्ला शेतापुरता असावा हा त्यामागचा विचार आजही बरोबर आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारे बाळगता येतात, म्हणजे ज्याच्या नावावर वडिलोपार्जित बंदूक आहे त्याने रायफल घेतली की त्याची मर्यादा संपली.

शिवाय शस्त्राचा परवाना म्हणजे प्राणी मारण्याचा परवाना नव्हे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार स्वतःचा किंवा दुसऱ्या माणसाचा जीव वाचवताना सद्हेतूने प्राणी मारला गेला तर तो गुन्हा ठरत नाही, पण ही सूट माणसाच्या जिवापुरती आहे, पिकापुरती नाही. पिकासाठी मारायचे तर मुख्य वन्यजीव रक्षकाची किंवा त्याने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी हवी. ती मिळू शकते ती अनुसूची दोनमधल्या प्राण्यांसाठी. रानडुक्कर आणि रोही त्यात आहेत. गवा मात्र अनुसूची एकमध्ये, हत्तीही तिथेच आणि आंबा-नारळ फस्त करणारा शेकरूही तिथेच. तिलारी खोऱ्यात ज्यांच्या केळी-पोफळी हत्तींनी तुडवल्या, आंबोली-आजऱ्याकडे ज्यांचा ऊस गव्यांनी खाल्ला, त्यांच्या हातात जगातली उत्तम रायफल असली तरी ती खुंटीवरच राहणार. आणि परवानगीने मारलेले डुक्करही सरकारी मालमत्ता, त्याचे मांस घरी नेले की पुन्हा गुन्हा.

आता समजा, परवाना मिळाला, परवानगी मिळाली, नेमही अचूक बसला. मग पीक वाचते का? रानडुकरीण एका वेतात चार-सहा पिल्ले घालते आणि पिल्ले वर्ष-दोन वर्षांत स्वतः विण्याजोगी होतात. एक डुक्कर पडले की कळप चार दिवस शेजारच्या शेतात जातो आणि परत येतो. इथे जर्मनीचा अनुभव मोलाचा आहे. तिथे शिकारीचे परवानेधारक चार लाखांच्या घरात आहेत, जवळपास सगळ्यांकडे उत्तम रायफली आहेत आणि २०१९-२० च्या एकाच हंगामात साडेआठ लाखांहून अधिक रानडुकरे मारली गेली. तरीही मक्याच्या शेतांचे नुकसान तिथे संपलेले नाही. म्हणून त्या देशाने कायद्यातच सोय केली आहे. रानडुकरांनी केलेल्या नुकसानीची भरपाई त्या भागातल्या जमीनमालकांच्या शिकार-संघाने द्यायची, आणि शिकारीचा हक्क भाड्याने घेणारा बहुधा करारानेच ती जबाबदारी आपल्याकडे घेतो. ज्याच्या हाती रायफल, त्याच्याच खिशातून भरपाई. रायफलींचा सुकाळ असलेल्या देशालाही पिकाच्या रक्षणासाठी अखेर पैशांची हमी द्यावी लागली, ही गोष्ट आपण नीट लक्षात घेतली पाहिजे.

यावर एक गंभीर आक्षेप येईल आणि तो टाळून चालणार नाही. ठासणीच्या बंदुकीने किंवा छऱ्यांनी डुक्कर धड मरत नाही. पोटात छरे घेऊन ते जाळीत शिरते, दोन दिवस तडफडते आणि पाठलाग करणाऱ्याला फाडते. त्यापेक्षा रायफलीची एक नेमकी गोळी जनावरासाठीही दयेची नाही का? आहे, आणि म्हणूनच हे हत्यार योग्य आहे असे मी सुरुवातीलाच म्हटले. पण ती दया हत्यारात नसते, ते चालवणाऱ्याच्या सरावात असते. बिहारमध्ये २०१६ च्या जूनमध्ये मोकाम्याच्या पट्ट्यात दोनशेहून अधिक रोही मारले गेले तेव्हा केंद्राने त्यांना ठरावीक मुदतीसाठी उपद्रवी घोषित केले होते आणि गोळ्या झाडल्या त्या हैदराबादहून बोलावलेल्या निष्णात नेमबाजांनी. त्या कारवाईवरून केंद्रीय मंत्रिमंडळातच जाहीर वाद झाला. प्रकाश जावडेकर आणि मनेका गांधी परस्परविरोधी बाजूंना उभे राहिले. तो वाद बाजूला ठेवला तरी पद्धत लक्षात घेण्याजोगी आहे : ठरलेला प्रदेश, ठरलेली मुदत, प्रशिक्षित माणसे. केरळने मे २०२२ मध्ये रानडुक्कर मारण्याची परवानगी देण्याचे अधिकार ग्रामपंचायत आणि नगरपालिकांच्या प्रमुखांना दिले. परवानाधारक नेमबाजांची यादी ठेवायची आणि तक्रार आली की त्यांतल्या एकाला पाठवायचे. ही व्यवस्थाही निर्दोष नाही, पुरेसे नेमबाज मिळत नाहीत ही तिथली तक्रार आहेच. पण निर्णय गावाजवळ आणला आणि गोळी मात्र सराव असलेल्या हातात ठेवली, ही दिशा मला योग्य वाटते. महाराष्ट्रात प्रत्येक त्रस्त तालुक्यात पाच-सहा प्रशिक्षित नेमबाजांचे पथक असावे, रायफली त्यांच्या नावावर, काडतुसांचा खर्च वनखात्याचा, आणि कुठून कुठल्या दिशेला गोळी झाडायची ते दिवसाउजेडी पाहून ठरलेले. इथे आखूड नळीची बोल्ट ॲक्शन रायफल खरोखर पैसे वसूल करील, कारण ती एका शेतासाठी नसून शंभर शेतांसाठी असेल.

शेतकरी यावर म्हणेल, की पथक येईल तेव्हा येईल, डुक्कर आज रात्री आले आहे. हा राग रास्त आहे. वनखात्याचा माणूस पंचनाम्याला येईपर्यंत शेत पुन्हा नांगरायची वेळ येते आणि हातात पडणारी रक्कम बियाण्यालाही पुरत नाही. जीवशास्त्रज्ञ मिलिंद वाटवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ताडोबाच्या पश्चिम सीमेवरच्या शेतांत अभ्यास केला, तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. डोळ्यांनी पाहून ठरवलेले नुकसान आणि प्रत्यक्ष हाती आलेल्या पिकातली घट यांत मोठी तफावत असते, पंचनामा खऱ्या नुकसानीपेक्षा बराच कमी दाखवतो, असे त्यातून पुढे आले. म्हणजे शेतकऱ्याची तक्रार अतिशयोक्त नाही. पण या अन्यायाचा इलाज रायफल नाही. ती घेतल्याने पंचनामा सुधारत नाही, उलट 'तुमच्याकडे हत्यार आहे ना' हे सांगायला व्यवस्था मोकळी होते. आज रात्रीच्या संकटासाठी झटका देणारे सौर कुंपण, त्याखालचे तण काढण्याची शिस्त आणि चार शेजाऱ्यांची मिळून राखण एका रायफलीहून अधिक पीक वाचवते, कारण ती रोज रात्री असते. विजेच्या मुख्य तारेवरून कुंपणात प्रवाह सोडणे मात्र माणसे आणि जनावरे दोन्ही मारते, ते कोणीही करू नये.

खर्चाचा हिशेबही मांडून पाहावा. बंदुकीच्या किमतीवर गोष्ट संपत नाही. प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र, कुलुपबंद लोखंडी कपाट, पाच वर्षांनी नूतनीकरण, जिल्ह्याच्या ठिकाणी मारावे लागणारे हेलपाटे आणि काडतुसे. बारा बोअरची 'शक्तिमान' काडतुसे निदान जवळच्या दुकानात मिळण्याची शक्यता असते, रायफलीच्या काडतुसांसाठी शहर गाठावे लागते. आणि आचारसंहिता लागली की परवान्यावरची हत्यारे पोलीस ठाण्यात जमा करण्याच्या नोटिसा येतात. २०२४ मध्ये लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली, आंबा-काजूच्या ऐन हंगामात. विधानसभेची १५ ऑक्टोबरला लागली तेव्हा भात कापणीला आले होते. ज्या दोन हंगामांसाठी हत्यार घ्यायचे, नेमके त्याच हंगामांत ते ठाण्याच्या कोठडीत. पीकसंरक्षणाच्या बंदुकांना सरसकट यातून वगळावे ही सिंधुदुर्गातल्या शेतकऱ्यांची मागणी योग्य आहे आणि तिला पाठिंबा दिला पाहिजे. शहराकडे नोकरीला गेलेल्या मुलांच्या बंद घरात पडून राहणारी बंदूक चोराच्या हाती लागण्याचा धोका वेगळाच.

प्राणी मारूच नयेत असे मानणाऱ्यांशी माझे इथे पूर्ण एकमत नाही. रानडुक्कर दुर्मीळ नाही आणि शेतकऱ्याच्या उपासमारीवर कुठलेही संवर्धन टिकत नाही. पण मारायचे असेल तर ते जबाबदारीने, नेमकेपणाने आणि सार्वजनिक खर्चाने व्हावे. म्हणून रायफल घेऊ की नको या विचारात असलेल्या बागायतदाराला माझे सांगणे असे : घरात परवान्याची बारा बोअर किंवा ठासणीची बंदूक असेल तर ती राहू द्या, तिचे नूतनीकरण वेळेवर करा. रायफलीसाठी जमवलेले पैसे कुंपणाला लावा, कर्ज तर मुळीच काढू नका. आणि येत्या ग्रामसभेत तालुक्याला प्रशिक्षित नेमबाजांचे पथक मिळावे आणि नुकसानभरपाई प्रत्यक्ष उत्पादनातल्या घटीवर ठरावी, असे दोन ठराव मंजूर करून घ्या. त्यांच्या प्रती विभागीय वन अधिकारी आणि आमदार दोघांनाही पाठवा.