चेहरा आपला, चष्माही आपलाच!

परवा भाचीबरोबर चष्म्याच्या दुकानात जायचा योग आला. पोर दहावीत. फळ्यावरचं दिसत नाही म्हणून शेजारच्या मुलीच्या वहीतून उतरवून घेत होती, ते घरी कळायला सहा महिने लागले. डॉक्टरांनी नंबर काढून दिला. दुकानात शिरल्या शिरल्या वहिनी म्हणाल्या, "अगदी दिसणार नाही अशी फ्रेम दाखवा हो. मुलीची जात आहे." पोरीचं तोंड एवढंसं झालं.

मैत्रिणींनो, मुलाला चष्मा लागला की तो 'हुशार दिसतो' आणि मुलीला लागला की 'आता हिचं कसं व्हायचं?' हा कुठला न्याय? म्हणून कितीतरी मुलींचा चष्मा नाकावर कमी आणि दप्तरात जास्त असतो. चष्मा घातल्याने नंबर वाढतो, हाही गैरसमजच. वाढत्या वयात नंबर बदलतो तो डोळ्याच्या वाढीमुळे. चष्मा घातला नाही म्हणून तो काही थांबत नाही.

मग लपवायचा कशाला? शोभेलसा निवडावा. केस मागे घेऊन आरशात बघा. साधा नियम असा, की चेहऱ्याच्या आकाराच्या उलट फ्रेम. गोल चेहऱ्याला कोपरे असलेली चौकोनी, रुंद जबड्याच्या चौकोनी चेहऱ्याला गोलसर. चेहरा लांबट असेल तर उंचीला जरा मोठी. कपाळ रुंद आणि हनुवटी निमुळती असेल तर हलकी. अंडाकृती चेहऱ्याला बहुतेक सगळंच खुलतं.

पण मला विचाराल, तर आकाराइतकंच महत्त्व बसण्याला आहे. फ्रेम चेहऱ्याच्या रुंदीइतकीच हवी आणि डोळे काचेच्या साधारण मध्यावर यायला हवेत. दुकानातच मोकळेपणाने हसून बघा, गालांनी फ्रेम वर उचलली जाता कामा नये. खाली वाकून बघा, घसरता कामा नये. आपल्याला दिवसभर ओट्याशी वाकायचं असतं ना! रोज लावता ती टिकली लावूनच जा, म्हणजे खरा अंदाज येतो. काडीच्या आतल्या बाजूला ५२-१८-१४० असे आकडे असतात. काचेची रुंदी, नाकावरच्या मधल्या भागाची रुंदी आणि काडीची लांबी, सगळं मिलिमीटरमध्ये. जुनी फ्रेम नीट बसत असेल तर हेच आकडे टिपून न्या. मायनस नंबर जास्त असेल तर फार मोठी फ्रेम नको, काच कडेला जाड होते.

बायकांची आणखी एक गोष्ट. आपल्या भाषेत जवळच्या चष्म्याला नावच 'चाळिशी' आहे, म्हणजे तो लागणारच! तरी आपण सुई ओवायला मुलांना हाका मारतो, नाहीतर नवऱ्याचा चष्मा ओढून पेपर वाचतो. दोघांचा नंबर वेगळा, दोन बाहुल्यांमधलं अंतर वेगळं. मग डोकं दुखलं की ॲसिडिटीच्या नावाने ओरडायचं. शिवाय चाळिशीनंतर डोळे तपासायला गेलं, तर काचबिंदूसारखा गुपचूप वाढणारा आजारही वेळेत सापडू शकतो.

भाचीने शेवटी स्वतःच्या पसंतीची मरून रंगाची, चांगली ठसठशीत फ्रेम घेतली. चष्मा रोज तिला घालायचाय, मग पसंतीही तिचीच नको का? आवडली तर घालेल, नाहीतर पुन्हा दप्तरात.

बिल आलं. वहिनींनी ते हात लांब करून वाचायला घेतलं. भाची हसून म्हणाली, "आई, आता तुझा नंबर!" पुढच्या सोमवारी दोघी डॉक्टरांकडे जाणार आहेत. तुम्ही कधी जाताय?