सूड कोणाचा, कोणासाठी?

ठाणे, डोंबिवली, कल्याणच्या गल्लोगल्ली कराटेचे वर्ग भरतात आणि घरोघरी हिंदीत बोलणारे चिनी मारधाडपट चवीने पाहिले जातात. पित्याचा खून, पुत्राची खडतर साधना आणि अखेरीस खलनायकाचा वध! कथानक ठरलेले. तेच कथानक आपल्या इतिहासात रक्ताने लिहिले गेले असताना, शिवरायांनी १६५७ मध्ये स्वराज्यात आणलेल्या कल्याणातल्या, दुर्गाडीखालून रोज शाळेत जाणाऱ्या मुलाला ते ठाऊक का नसावे?

१६८९ च्या फेब्रुवारीत संगमेश्वरी छत्रपती संभाजी महाराजांचे रक्षण करताना म्हाळोजी घोरपडे धारातीर्थी पडले. ११ मार्चला औरंगजेबाने महाराजांची अमानुष हत्या केली. २०२५ मध्ये 'छावा' पाहून लोक डोळे पुसत बाहेर पडले. अश्रू खरेच होते. पण पुढे काय? म्हाळोजींचे पुत्र संताजी रडत बसले नाहीत. विठोजी चव्हाणादी सोबत्यांसह बादशहाच्या छावणीत घुसून त्यांनी शाही डेऱ्याचे सोन्याचे कळस कापून आणले, अशी परंपरा सांगते. १६९५ मध्ये दोड्डेरीस कासिमखानाची फौज त्यांनी उपासमारीने नमवली. मनात केवळ बापाचा सूड असता तर हाती लागलेल्या त्या मोगलांची त्यांनी कत्तलच केली असती. त्यांनी खंडणी घेतली आणि शरणागतांना जिवंत सोडले. पडद्यावरच्या सूडवीराला हा विवेक कधी सुचतो काय?

मात्र याच संताजींनी अमृतराव निंबाळकरांना हत्तीच्या पायी दिले. अमृतरावांची बहीण नागोजी मान्यांच्या घरात होती. १६९७ मध्ये मान्यांनी संताजींना गाठून ठार केले. औरंगजेबाच्या अफाट फौजेला जे साधले नाही, ते एका मराठा घराच्या सुडाने साधले! कळसाची गोष्ट आवेशाने सांगणारे आपले वक्ते येथे मात्र घाईने पुढे सरकतात. का? घरच्या वैराची लाज वाटते म्हणून?

शाखेत नियुद्ध शिकवणाऱ्या शिक्षकांनी दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगाव्यात. आणि एकाच प्रभागात परस्परांच्या ईर्ष्येने शिवजयंतीच्या दोन मिरवणुका काढणाऱ्या मंडळांना तर मान्यांची गोष्ट आधी ऐकवावी, कळसाची नंतर.