कशावरून?

सहावीतल्या एका मुलीची तपासलेली उत्तरपत्रिका माझ्या हातात आहे. प्रश्न होता, हडप्पा संस्कृतीतले लोक कोणाची पूजा करत? तिने लिहिलं, 'त्यांची लिपी अजून कोणाला वाचता आलेली नाही. मातीच्या स्त्रीमूर्ती सापडल्या आहेत, पण नक्की सांगता येत नाही.' त्यावर लाल शाईत शून्य आणि बाजूला बाईंच्या अक्षरात 'मातृदेवतेची'. अख्ख्या वर्गात इतिहास या एकाच पोरीला कळला होता आणि शाळेने तिला नापास केलं.

हडप्पाचं उत्खनन 1921 साली सुरू झालं, मोहेंजोदडोचं पुढच्याच वर्षी. ती नगरं का ओस पडली यावर अभ्यासक आजही भांडतात. आपण मात्र 'ऱ्हासाची तीन कारणे लिहा' म्हणतो आणि कारणागणिक एक गुण वाटून मोकळे होतो. लहान मुलांसाठी सोपं करून सांगतो, असा आव आणू नका. जे ठाऊक नाही ते ठाऊक असल्यासारखं सांगणं म्हणजे खोटं बोलणं, आणि ते आपण दहा-अकरा वर्षांच्या पोरांशी बोलतो.

आणि पुरावा तर दाराशी पडलाय. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी 1968 ते 1983 या काळात तिथे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची वस्ती उकरून काढली. ही माणसं बार्ली पिकवत. मेलेल्या लहानग्यांना दोन कुंभांत, तोंडाला तोंड लावून, राहत्या घराच्या जमिनीखाली पुरत. मोठ्यांना पुरताना घोट्याखालची पावलं तोडत. का? हा प्रश्न वर्गात टाकून बघा, शेवटच्या बाकावरची पोरंसुद्धा पुढे सरसावतील. मेलेला माणूस घर सोडून जाऊ नये म्हणून, असं कोणी म्हणेल. मग विचारा, कशावरून? पुढे ऐसपैस चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, धान्य घटलं, शिकारीच्या हरणांची हाडं वाढली. पाऊस ओढ देऊ लागला असावा, असं उत्खनन करणारे मधुकर ढवळीकर मांडत. टँकरच्या रांगेत हंडा धरून उभं राहिलेल्या शिरूरच्या मुलाला दुष्काळाने गाव कसं बदलतं हे शिकवावं लागत नाही. पण त्याला हे कोणी विचारतच नाही. तो सनावळ्या घोकत बसतो.

शिक्षकांवर निवडणुका, सर्वेक्षणं, माहितीचे तक्ते यांचं ओझं आहे, आणि ते लादणाऱ्यांचा मला संताप येतो. पालकही गाईडमधलं उत्तर शब्दाला शब्द जुळलं नाही तर भांडायला येतात. पण सहल इनामगावऐवजी वॉटरपार्कला न्यायची हे कोण ठरवतं? सहावीची प्रश्नपत्रिका कोण काढतं? शाळाच ना! मग निदान एवढं करा. इतिहासाच्या प्रत्येक पेपरात निम्मे गुण 'हे कशावरून?' या प्रश्नाला ठेवा आणि 'पुरावा अपुरा आहे' हे उत्तर कारणासह आलं तर पुरे गुण द्या. त्यासाठी मंत्रालयातून जीआर निघायची वाट पाहावी लागत नाही. येत्या सत्र परीक्षेलाच करा.